शास्त्रज्ञांची आवडती मूलद्रव्ये आणि आपली तांब्यापितळेची भांडी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ज्ञातीच्या संमेलनात व्याख्यात्याने एकीवर, हुंड्यावर किंवा शिक्षणावर बोलावे असा प्रघात आहे. चिटणिसांनी आम्हांस विषय निवडण्याची मोकळीक दिली आणि आम्ही रसायनातील मूलद्रव्यांचा विषय सांगितला, तेव्हा त्यांना किंचित आश्चर्य वाटले. आम्ही मॅट्रिकपर्यंतच शिकलेले प्राथमिक शिक्षक. रसायनशास्त्राचे पंडित नव्हे. परंतु आपण कासार आहोत. तांबे, जस्त आणि कथील ही तीन मूलद्रव्ये आपल्या पूर्वजांच्या हातांखालून पिढ्यान्‌पिढ्या गेली. काचेच्या बांगड्या विकणाऱ्या आपल्या भगिनींच्या पेटीतही मूलद्रव्येच नांदतात. निळी बांगडी कोबाल्टने निळी होते, जांभळी मँगनीजने, हिरवी क्रोमियमने अथवा तांब्याने. तेव्हा हा विषय परका मानण्याचे कारण नाही. शिवाय उद्या सकाळी साधारण सभेपुढे जो एक ठराव यावयाचा आहे, त्याच्याशीही या विषयाचा निकटचा संबंध आहे. तो संबंध आम्ही शेवटी सांगू.

ज्या पदार्थाचे रासायनिक रीतीने आणखी साधे पदार्थ होत नाहीत, ते मूलद्रव्य. पितळ हे मूलद्रव्य नव्हे, कारण त्यातून तांबे आणि जस्त निराळे काढता येते. पण तांब्यातून तांब्याखेरीज काही निघत नाही. अशी एकशे अठरा मूलद्रव्ये आज ज्ञात आहेत. रशियातील मेंडेलीव्ह या पंडिताने १८६९ साली त्या वेळी माहीत असलेल्या मूलद्रव्यांची गुणधर्मांप्रमाणे एक सारणी मांडली, आणि जेथे मेळ बसेना तेथे घरे रिकामी ठेवली. या जागी कोणीतरी यावयाचे आहे, असे तो म्हणाला. त्या न आलेल्या पाहुण्यांना नावे देताना त्याने आपल्या संस्कृतातील ‘एक’ हा शब्द घेतला: एक-अ‍ॅल्युमिनियम, एक-सिलिकॉन. पुढे १८७५ साली गॅलियम आणि १८८६ साली जर्मेनियम सापडले व ती घरे भरली.

मूलद्रव्ये तर निर्जीव. त्यांवर कोणाची प्रीती कशी बसावी, असे कोणी विचारील. परंतु शास्त्रज्ञांची चरित्रे वाचताना आम्हांस वारंवार आढळले की, एकेकाचे मन एकेका मूलद्रव्यावर जडलेले असते, आणि त्या आवडीची कारणेही निरनिराळी असतात. कोणास त्याचे तेज मोहविते, कोणास त्याची उपयुक्तता, तर कोणास त्यात देशाचे भवितव्य दिसते.

मादाम मारी क्युरी यांचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. पती पियरे यांच्यासह त्यांनी १८९८ साली दोन नवी मूलद्रव्ये शोधली. पहिल्याला त्यांनी आपल्या परतंत्र मायभूमीचे, पोलंडचे, नाव दिले, तेच पोलोनियम. दुसरे रेडियम. गळक्या छपराच्या एका खोपटात त्यांनी टनावारी खनिज उकळले, ढवळले, गाळले, तेव्हा १९०२ साली एका ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याइतका रेडियमचा क्षार हाती आला. रात्री पतिपत्नी त्या खोपटात जात आणि अंधारात मंद प्रकाशणाऱ्या त्या नळ्यांकडे पाहत राहत. ज्या द्रव्यावर एवढे प्रेम केले, त्याच्या किरणांनी मादामचे रक्त क्षीण झाले आणि १९३४ साली त्यांचा अंत झाला. त्यांच्या टिपणवह्या आजही किरण सोडतात, म्हणून शिशाच्या पेट्यांत ठेवाव्या लागतात. आवड आंधळी असून चालत नाही, हा यातील बोध.

आपल्या देशात आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे मन पाऱ्यावर होते. पारा आपल्या रसवैद्यांचे आराध्य द्रव्य. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत पाऱ्यावर नायट्रिक आम्लाची क्रिया चालू असता त्यांना अनपेक्षितपणे पिवळे स्फटिक दिसले. तो पाऱ्याचा एक नवा क्षार होता. त्याविषयीचा निबंध १८९६ साली प्रसिद्ध झाला. या एका स्फटिकामागून त्यांनी पुढील अनेक वर्षे संशोधन केले, आणि त्याच बरोबर हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास दोन खंडांत इंग्रजीत लिहिला. प्रयोगशाळेतील पारा आणि पोथीतील पारद ही एकच वस्तू आहे, हे त्यांनी दाखविले. ज्यांच्या घरी एखादी विद्या परंपरेने चालत आली आहे, त्यांनी नवे शास्त्र शिकताना जुने टाकून द्यावे लागत नाही, याचे यापरते उदाहरण कोणते?

आपल्या मुंबईत १८६७ साली जन्मलेले डॉ. शंकर आबाजी भिसे हे छापखान्याच्या खिळे पाडण्याच्या यंत्रामुळे नावाजले. लोक त्यांना भारताचे एडिसन म्हणत. परंतु अमेरिकेत त्यांनी हाती घेतलेले मूलद्रव्य म्हणजे आयोडिन. जखमेवर लावावयाचे आयोडिन जंतू मारते खरे, पण ते पोटात घेता येत नाही. भिसे यांनी पोटात घेता येईल असे आयोडिनचे औषध सिद्ध केले, ते अ‍ॅटोमिडीन या नावाने तिकडे विकले गेले. १९३५ साली न्यूयॉर्क येथे त्यांचे देहावसान झाले. आयोडिन शरीराला लागते ते अत्यल्प. पण तेवढे न मिळाल्यास गळ्याला गलगंड होतो व मुलांच्या बुद्धीची वाढ खुंटते. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी आयोडिनयुक्त मीठ देऊन याची प्रचीती घेतली. आज आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात ते मीठ आहे, म्हणजे हे मूलद्रव्य आहेच.

आता एका महाराष्ट्रीय विदुषीविषयी. श्रीमती कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या भागवत. १९३३ साली त्यांनी बंगलोरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, तेव्हा स्त्री म्हणून सर चंद्रशेखर रामन यांनी त्यांना प्रथम नाकारले आणि मग अटी घालून घेतले. त्यांनी अटी पाळल्या, काम करून दाखविले, आणि पुढे त्या संस्थेची दारे इतर मुलींना उघडली. केंब्रिज येथे बटाट्यावर संशोधन करताना त्यांनी दाखविले की, वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे द्रव्य असते. श्वसनाचे कार्य त्याच्यावाचून होत नाही. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. या सायटोक्रोमच्या गाभ्याशी जे मूलद्रव्य बसलेले असते ते लोह. बटाट्यापासून मनुष्यापर्यंत सर्वांच्या प्राणाचा व्यवहार लोहाच्या एका अणूभोवती चालतो, ही केवढी विलक्षण गोष्ट! म्हणून सोहोनीबाईंच्या नावापुढे आम्ही आमच्या मनात लोह लिहितो.

भगिनींनो, येथे क्षणभर थांबावयास हवे. प्रौढ मनुष्याच्या सबंध शरीरात लोह असते अवघे तीन-चार ग्रॅम. ते कमी पडले की रक्त फिके होते, दम लागतो, अभ्यासात चित्त लागत नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकी शेकडा ५७ स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे या मंडपात दोन मुली शेजारी बसल्या असतील, तर त्यांतील एकीला तो असण्याचा संभव आहे. ‘मुलगी आळशी आहे’ असे म्हणण्यापूर्वी आईबापांनी तिचे रक्त तपासून घ्यावे. अध्यापनाच्या काळात वर्गात पेंगणाऱ्या कित्येक मुली आम्ही पाहिल्या. त्यांतील अनेकींचे शिक्षण बुद्धीवाचून नव्हे, बळावाचून थांबले.

डॉ. होमी भाभा यांचे चित्त ज्या मूलद्रव्यावर होते ते थोरियम. ही आवड सौंदर्याची नव्हती. ती घरच्या हिशेबाची होती. आपल्या देशात युरेनियम थोडे, पण केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियम विपुल. मात्र थोरियम एकदम पेटत नाही. अणुभट्टीत ठेवून त्यापासून युरेनियमचा एक निराळा प्रकार तयार करावा लागतो, आणि मग तो जळतो. म्हणून भाभांनी तीन पायऱ्यांची योजना आखली: प्रथम युरेनियम, मग त्यातून निघणारे प्लुटोनियम, आणि अखेरीस थोरियम. तुर्भे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही पहिली अणुभट्टी सुरू झाली. भाभा १९६६ साली विमान अपघातात गेले. त्यांच्या नंतरच्या पिढीत डॉ. अनिल काकोडकर यांनी थोरियमचा तोच आग्रह धरला. आपल्या आयुष्यात ज्याचे फळ मिळणार नाही असे झाड लावणारा मनुष्य ज्या भावनेने खड्डा खणतो, ती ही आवड.

आता आपण आपल्या घरी येऊ. प्रथम जस्त घ्या. तांबे वितळते १,०८५ अंशांवर. जस्त ९०७ अंशांवर उकळून वाफ होऊन जाते. म्हणजे खनिज भट्टीत घालून जस्त काढू म्हटले, तर हाती काहीच लागत नाही; धूर होऊन सारे उडून जाते. ही वाफ पकडावयाची कशी, हे कोडे युरोपात अठराव्या शतकात सुटले. राजस्थानात उदेपूरजवळील जावर येथे ते त्याच्या कित्येक शतके आधी सुटले होते. तेथील कारागीर वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी भरून भट्टीत उलट्या टांगत. वाफ नळीवाटे खाली उतरे आणि थंड होऊन जस्त जमे. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातील प्रा. हेगडे आणि ब्रिटिश म्युझियममधील क्रॅडॉक यांनी १९८० नंतर तेथे उत्खनन केले, तेव्हा त्या मुशी ओळीने बसलेल्या सापडल्या. ज्या कारागिरांनी हे साधले त्यांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत.

कथील २३२ अंशांवरच वितळते, म्हणून तर कल्हई शक्य होते. नवसागराने तांब्याचा पृष्ठभाग स्वच्छ करावयाचा आणि त्यावर कथलाचा हात फिरवावयाचा. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले की ते कळकते. आम्लात तांबे उतरते आणि ते पोटास बाधते. हल्ली शहरांत तांब्याच्या भांड्यातील पाणी पिण्याची टूम निघाली आहे. पाणी जरूर प्यावे. परंतु त्याच भांड्यात लिंबाचे सरबत अथवा ताक कोणी ठेवू नये. हे सांगण्याचा अधिकार आपला आहे, आणि कर्तव्यही.

कथील आणि तांबे यांचा संसार म्हणजे कासे. आपल्या नगरच्या निजामशाहीत १५४९ साली रूमीखानाने ओतलेली मुलूखमैदान तोफ आज विजापूरच्या बुरुजावर आहे. तिच्या धातूत सुमारे चार भाग तांबे व एक भाग कथील आहे. म्हणजे ज्या धातूच्या ताटात आपल्या आज्या जेवण वाढीत, त्याच जातीच्या धातूची ती तोफ. पंचावन्न टनांचा तो ओतीव गोळा या नगरच्या मातीत झाला, ही गोष्ट आपल्या मुलांस आम्ही सांगत नाही.

त्याहून फार पूर्वीची गोष्ट संगमनेर तालुक्यातील जोर्वे गावची. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ साली तेथे उत्खनन केले. या गावाच्या नावाने आज साऱ्या दख्खनच्या ताम्रपाषाण संस्कृतीचा एक कालखंड ओळखला जातो. ती माणसे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. जोर्वे येथे तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या, आणि एक बांगडी. कासारांनो, एक बांगडी! सांकलियांसारख्या विद्वानांना तांबे प्रिय का, याचे उत्तर येथे आहे. ज्यांनी एक अक्षरही लिहून ठेवले नाही, त्यांच्या वतीने त्यांचे तांबे बोलते.

पण तांबे केव्हा बोलते आणि केव्हा मुके होते, हेही ऐकावे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तेथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्यास झुडपाच्या मुळाशी खणताना धातूच्या चार मोठ्या वस्तू मिळाल्या: हत्ती, गेंडा, रेडा, आणि बैल जुंपलेला रथ व त्यात उभा पुरुष. चारही मिळून साठ किलोंहून अधिक वजन. त्या कोणत्या काळातील? म. न. देशपांडे, शि. रं. राव आणि साळी यांचे मत पडले की त्या उत्तर हडप्पा काळातील. डॉ. डी. पी. अग्रवाल यांनी धातूचे पृथक्करण पाहिले, तर तीत शेकडा एकाहून अधिक सोमल, म्हणजे आर्सेनिक, आढळले. त्या काळच्या इतर ताम्रवस्तूंत असा सोमल मिसळलेला नाही. सबब या वस्तू पुष्कळ अलीकडच्या असाव्यात, असे त्यांनी म्हटले. शेकडा एक भाग सोमलाने हजारो वर्षांचा वाद उभा केला! हा वाद इतका चिघळला याचे कारण असे की, या वस्तू पुरातत्त्वज्ञांच्या देखत, थरांची नोंद ठेवून निघाल्या नाहीत. शेतकऱ्याचा यात काहीच दोष नाही. परंतु वस्तूचे स्थान आणि नोंद सुटली की, उत्तम रसायनज्ञालाही तिच्याकडून पुरती साक्ष काढता येत नाही, एवढे यातून ध्यानी घ्यावे.

सभाध्यक्ष महोदय, आता त्या ठरावाकडे येतो. आपल्या ज्ञातिगृहाच्या माळ्यावर लग्नकार्यासाठी जमविलेली तांब्यापितळेची भांडी आहेत. हंडे, घंगाळी, पराती, तपेली, समया. आता कार्यालयांत स्टीलची भांडी वापरतात. कल्हईवाला मिळत नाही. माळा अडला आहे. म्हणून सारी भांडी मोडीत काढून त्या पैशांत ज्ञातिगृहाचा दर्शनी भाग नवा करावा, असा ठराव आहे. त्यामागील अडचण खरी आहे, आणि ठराव मांडणारे तरुण समाजाचे हितचिंतकच आहेत. स्टीलचाही आम्हांस राग नाही. शेफील्ड येथील हॅरी ब्रीअर्ली याने १९१३ साली लोखंडात क्रोमियम मिसळून न गंजणारे पोलाद केले. तोही एका मूलद्रव्याचाच चमत्कार होता, आणि त्याने कोट्यवधी गृहिणींचे श्रम वाचविले. काळ आपल्यासाठी थांबत नाही. एवढे मात्र पाहा: आपण आजही ‘स्टीलचा तांब्या’ म्हणतो. धातू गेला, तरी त्याचे नाव भाषेत राहिले.

मोडीत गेल्याने तांब्याचे काहीच बिघडत नाही. ते मूलद्रव्य आहे. आज हंड्यात होते, उद्या विजेच्या तारेत जाईल. नष्ट होईल ते निराळेच. त्या भांड्यांच्या काठांवर नावे कोरलेली आहेत: कोणी आईच्या स्मरणार्थ दिलेले, कोणी मुलाच्या लग्नाचे, कोणी नगरच्या आपल्या कारखान्यात स्वतः ठोकलेले. ठोक्यांच्या खुणांवरून कोणता हंडा कोणत्या घराण्याच्या हातचा, हे ओळखणारे वृद्ध आज या मंडपात चार-पाच तरी असतील. दहा वर्षांनी एकही नसेल. मग आपल्यापाशी उरेल ते दायमाबादच्या रथासारखे: धातू आहे, पण साक्ष नाही. जावरच्या कारागिरांची नावे गेली, ती गेलीच. आपली तरी आपल्या हाताने पुसू नयेत.

म्हणून आम्ही सभेस तीन विनंत्या करतो. पहिली: कोणतेही भांडे मोडीत जाण्यापूर्वी त्याचे वजन, छायाचित्र, काठावरील नाव व साल एका वहीत नोंदवावे, आणि वृद्ध कारागिरांस दाखवून त्यांच्या तोंडून घडणीचे शब्द लिहून घ्यावेत. दुसरी: प्रत्येक प्रकारचे एकेक भांडे ज्ञातिगृहातील एका कपाटात ठेवावे, आणि त्याच्या शेजारी मेंडेलीव्हची सारणी टांगावी, म्हणजे घागरीजवळ उभ्या राहिलेल्या मुलास तांबे, जस्त आणि कथील यांची घरे बोटाने दाखविता येतील. तिसरी: उरलेल्या मोडीचे जे पैसे येतील, ते दर्शनी भागावर न घालता दहावीनंतर विज्ञान शिकू इच्छिणाऱ्या आपल्या मुलींच्या शिष्यवृत्तीसाठी ठेवावेत. ज्यांनी ती भांडी दिली त्यांपैकी पुष्कळांनी आईच्या नावाने दिली होती. त्यांचे तांबे नातींच्या शिक्षणात गेले, तर दात्यांची इच्छा मोडली असे कोण म्हणेल?

ऑलिव्हर सॅक्स या इंग्रज वैद्याचा एक मामा टंगस्टनच्या तारेचे विजेचे दिवे बनवी. भाच्याला तो धातूचे तुकडे हातात देई, त्यांचे वजन जाणवून देई. त्यातून त्या मुलाला मूलद्रव्यांचे वेड लागले ते जन्मभर टिकले, आणि २००१ साली त्याने त्यावर एक ग्रंथ लिहिला. मोठ्या विद्यापीठाने नव्हे, धंद्यातल्या एका मामाने ही आवड दिली. असे मामा आणि आजोबा आपल्या ज्ञातीत घरोघरी होते. अजून काही आहेत. त्यांनी आपल्या नातवंडांच्या हातात एकदा कासे द्यावे, एकदा पितळ द्यावे, दोन्हींवर टिचकी मारावयास सांगावे आणि नादातला फरक विचारावा. पुढचे शिक्षण शाळा करील.

उद्या सभेत निर्णय काय व्हावयाचा तो बहुमताने होईल आणि तो आम्हांस शिरसावंद्य राहील. मात्र हात वर करण्यापूर्वी प्रत्येकाने माळ्यावर जाऊन आपल्या घराण्याचे नाव कोरलेले भांडे एकवार शोधून पाहावे, एवढीच प्रार्थना. कालिकामाता आपणा सर्वांस सद्बुद्धी देवो.